घरच्याच मुलाचं भाषण

पदवीदानाला माजी विद्यार्थी वक्ता म्हणून बोलवायचा, तो बहुधा संस्थेचं कौतुक ऐकायला. हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात १५ जुलै १८३८च्या संध्याकाळी उलटंच घडलं. राल्फ वाल्डो इमर्सन तिथेच शिकलेला. सहा वर्षांपूर्वी त्याने चर्चमधली उपदेशकाची जागा सोडली होती. आणि आमंत्रण प्राध्यापकांचं नव्हतं, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचं होतं. मुलं तरी किती, जेमतेम सहा-सात!

या भावी उपदेशकांना त्याने सांगितलं, की येशूच्या चमत्कारांवर श्रद्धा उभी करू नका, देवत्व स्वतःच्या आत शोधा. एका रटाळ प्रवचनाची आठवणही काढली: खिडकीबाहेरचा बर्फ खरा वाटत होता आणि बोलणारा माणूसच भासमान. समोर प्राध्यापक बसलेले होते, हे विसरू नये.

अँड्र्यूज नॉर्टन या तिथल्या माजी प्राध्यापकाने हा सगळा विचार अश्रद्धेत काढला. मुलांनी मात्र भाषण छापून घेतलं. मला त्यांचं धाडस इमर्सनपेक्षा मोठं वाटतं. नोकऱ्या त्यांना अजून लागायच्या होत्या.

हार्वर्डने त्याला पुन्हा भाषणाला बोलावलं नाही, जवळपास तीस वर्षं. १८६६मध्ये मानद पदवी दिली. १९०५मध्ये तत्त्वज्ञान विभागाची नवी इमारत झाली, तिचं नाव इमर्सन हॉल.