आबांचा पाट आणि धमनीची भिंत

गेल्या महिन्यात माणला, आमच्या गावी गेलो होतो. बघतो तर आबांची बीपीची गोळी दोन महिने बंद! विचारलं तर म्हणाले, "आरं, काय दुखत नाय, खुपत नाय. मग गोळी कशाला?" इंजिनिअर नातवाला उत्तर देता आलं नाही. मग काय, परत आल्यावर दोन वीकएंड वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. 1868 साली जॉर्ज जॉन्सन यांना मूत्रपिंडाच्या रोग्यांमधल्या बारीक धमन्यांचा स्नायूंचा थर जाड झालेला दिसला. 1872 मध्ये गल आणि सटन म्हणाले, छे, हे स्नायू नव्हेत, तंतू साचलेत. झालं, वाद जुंपला! त्यातून पुढे गेला फ्रेडरिक अकबर महोमेद. (नाव वाचून चमकलात ना? त्याचे आजोबा मूळचे पाटण्याचे.) नाडीचे आलेख काढून त्याने दाखवलं, की मूत्रपिंड ठणठणीत असलेल्यांचाही दाब वाढलेला असतो. म्हणजे आधी दाब, मग बिघाड. बिचारा 1884 साली टायफॉइडने गेला, अवघ्या 35 व्या वर्षी. दंडाला पट्टा बांधून दाब मोजणं आलं ते 1896 मध्ये, रिव्हा-रोचीमुळे.

पण भिंत जाड का होते? एसओएममधलं थिन सिलिंडर आठवतंय? भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. दाब वाढला की ताण वाढतो. धमनी जिवंत असते, ती गप्प बसत नाही. ताण पूर्वीइतका राहावा म्हणून बारीक धमन्या आहे तोच माल आतल्या बाजूला रचून घेतात. भिंत जाड, पोकळी अरुंद. थोडक्यात, पॅच मारला!

आणि हाच पॅच अंगाशी येतो. अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या 10 टक्के घटली तर अडथळा साधारण 52 टक्के वाढतो. मग दाब चढाच राहतो आणि भिंत अजून जाड होते. 1958 मध्ये स्वीडनच्या फोल्कोव आणि सहकाऱ्यांनी रोग्यांच्या हातातल्या रक्तवाहिन्या पूर्ण सैल करून पाहिल्या, तरी अडथळा जास्तच निघाला. म्हणजे दोष नुसत्या आवळण्यात नव्हता, बांधणीतच होता.

तोवर आपल्या मुंबईने एक मोठं काम केलं होतं. वाढलेला दाब ही शरीराची गरजच आहे, तो उतरवू नये, असं मानणारे नामवंत डॉक्टर तेव्हा होते. अशा काळात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर तपासलं आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आज आपल्याला हेही माहीत आहे, की काही गोळ्या वर्षभर नेमाने घेतल्या तर बारीक धमन्यांची बांधणी बरीच पूर्वपदावर येते. पण नेमाने!

रविवारी आबांना फोन केला. म्हटलं, "आबा, पाटाला पाणी जोरात आलं आणि तुम्ही आतूनच माती लावत गेलात तर?"

"पाट बारीक हुईल की."

"मग पाणी?"

"आजून जोर करंल... काठ फोडंल." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आन् पाटाला काय दुखत नसतंय, व्हय?"

त्या रात्री गोळी घेतली म्हणे. आजीने कळवलं.