शिकारीची गाडी, चिखलाची गाडी

आष्टीहून आतेभावाचा फोन आला होता. "दादा, ती चार चाकांची मोटारसायकल असती ना, ती शेतात चालंल का? तू इंजिनीयर आहेस, सांग." सॉफ्टवेअरवाल्या इंजिनीयरला गाडीतलं काय कळतं हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नाही. इंजिनीयर म्हणजे इंजिनीयर :-)

त्याला हवी होती एटीव्ही. फुगीर टायरची, हँडलवाली, बसायला मोटारसायकलसारखं सीट असलेली गाडी. त्यानं व्हिडिओ पाहिले होते, मग मीही पाहिले. अमेरिकेत ही गाडी निवडायचे निकष ठरलेले आहेत: शिकारीला जाताना जंगलात अडकू नये, मारलेलं हरीण मागच्या कॅरिअरवर बांधून आणता यावं आणि हिवाळ्यात बर्फाच्या वाटेवर भर थंडीत चालू व्हावी. थोडक्यात शिकार, हिवाळा आणि भरवसा. आष्टीत बर्फ नाही आणि शिकार केली तर तुरुंग आहे. पण आमच्या भागात शिकारीला कोणती गाडी नेत, हिवाळ्यात कोणती वाट असे आणि भरवशाची गाडी कशाला म्हणत, हे शोधत गेलो आणि दोन वीकांत त्यातच गेले.

आधी आष्टी कोणती ते सांगून टाकतो, कारण आष्ट्या बऱ्याच आहेत. बीड जिल्ह्यात तालुक्याची आष्टी आहे. वर्धा जिल्ह्यात १९४२ च्या लढ्यातली हुतात्म्यांची आष्टी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले पडले. आमची आष्टी जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. परतूर पूर्वी परभणी जिल्ह्यात होतं, १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा इकडे आलं. एका बाजूला दुधना, दुसऱ्या बाजूला गोदावरी आणि मध्ये काळी जमीन.

ही काळी जमीन समजल्याशिवाय गाडीची गोष्ट पुढे जात नाही. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि सुकले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात पाय टाकला तर चप्पल आतच. हा चिखल नुसता मऊ नसतो, चिकट असतो. सायकल ढकलत नेली तर पन्नास पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, म्हणजे जमीन ना ओली ना कोरडी अशी अवस्था, ती येईपर्यंत कुठलंच चाक शेतात घालायचं नसतं. वाटा मोकळ्या होतात त्या दिवाळीनंतर. म्हणजे अमेरिकेत हिवाळ्यात वाट बंद होते म्हणून खास गाडी लागते, आणि आमच्याकडे हिवाळ्यातच वाट सुरू होते.

या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या चाललेली गाडी म्हणजे बैलगाडी. उंच लाकडी चाकं, त्यांवर लोखंडाची धाव, आखाला वंगण. चाक उंच, म्हणून आख चिखलाच्या वर राहतो. धाव अरुंद, म्हणून ती चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जाते. आणि चाकाभोवती मडगार्डच नाही, त्यामुळे माती अडकून बसायला जागा नाही. पुढे रबरी चाकांची टायरगाडी आली. ती डांबरी रस्त्यावर बैलाला हलकी जाते, मालही जास्त घेते, पण ओल्या रानात ती फसते.

आणि शिकारीची गाडीसुद्धा हीच! मला वाटलं होतं की शिकार म्हटली की घोडा. घोड्यावरून रानडुकराला भाल्यानं मारायचा साहेबांचा खेळ दख्खनमध्ये होताच. पण काळवीट घोड्याला जवळ येऊ देत नाही. माळावर त्याला दुरून दिसतं, आणि पळायला लागलं की घोडाही मागे पडतो. बैलगाडीला मात्र काळवीट घाबरत नसे. ती रोजच दिसायची, त्याच वाटेनं जायची, आणि तिच्यापासून कधी काही धोका झालेला नव्हता. माळढोकाचंही तसंच. माणूस पायी दिसला की उडणार, गाडी दिसली तर मान वर करून बघणार आणि पुन्हा चरायला लागणार.

पारध्यांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. गायपारधी म्हणतात ते लोक शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानं कळपाकडे सरकत. जनावर चरत चरत पुढे, माणूस तिच्या पलीकडे वाकून, मग फास लावायचा. चित्तेपारधी चित्ता पकडून शिकवत. (चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. मराठीत आपण दोघांचा फार घोळ घालतो.) संस्थानांत, म्हणजे हैदराबाद, बडोदा, कोल्हापूर अशा ठिकाणी, चित्त्याची शिकार बैलगाडीवरूनच चाले. गाडीवर डोळ्यांना पट्टी बांधलेला चित्ता आणि शेजारी त्याचा माणूस. गाडी कळपाकडे सरळ न्यायची नाही, वळसे घेत न्यायची, जणू आपण दुसऱ्याच गावाला निघालोय. शे-दोनशे पावलांवर आलं की पट्टी काढायची. चित्त्याचा दम थोडा, काहीशे मीटरच्या धावेत काय ते व्हायचं. नाही साधलं तर तो बसून राहायचा आणि शिकार तिथंच संपली. साधलं तर त्याला त्याचा वाटा द्यायचा आणि पुन्हा पट्टी बांधायची. कोल्हापूरला शाहू महाराजांचा घोड्यांचा 'खडखडा' प्रसिद्ध आहे. तिकडे पुढे चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले, कारण इथले मिळेनासे झाले होते.

राजेलोकांची शिकार थोर होती असं मला म्हणायचं नाही. त्यांनी भरपूर मारलं. पण गाडीच्या बाजूनं बघितलं तर या सगळ्या व्यवस्थेला तीन कुलपं होती. वेग बैलाचा, पावसाळ्याचे चार महिने वाट बंद, आणि अंधार पडला की काम थांबलं. जनावरांच्या वाट्याला जे काही उरत होतं त्यातलं बरंच या तीन गोष्टींमुळे उरत होतं.

ही तिन्ही कुलपं एका गाडीनं उघडली. १९४० मध्ये अमेरिकन सैन्यानं हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी मागितली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत नमुना उभा केला, पण मोठं काम गेलं विलीज आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. सुमारे एक टन वजन, २.२ लिटरचं साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि कुठल्याही मिस्त्रीला पान्यानं उघडता येईल अशी रचना. युद्धानंतर भारतातल्या छावण्यांमधल्या जीपा विक्रीला निघाल्या आणि ज्याच्याकडे पैसा होता त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

इथं एक गंमतीचा धागा सापडला. मुंबईत जीप जोडायला १९४७ मध्ये सुरुवात करणारी कंपनी म्हणजे महिंद्रा. पण १९४५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. हे मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. त्याआधी ते निजामाच्या सरकारात अर्थखातं सांभाळत, म्हणजे आमच्या आष्टीचा सारा ज्या तिजोरीत जायचा तिचा हिशोब त्यांच्याकडे! फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये इकडे कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

तर जीप. तिला मुरूम चालतो, माळ चालतो, नाल्याचा काठ चालतो. बैलाच्या दहापट वेग. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला बॅटरी आहे. बॅटरी आहे म्हणजे सर्चलाइट आहे. रात्री डोळ्यांवर झोत पडला की काळवीट जागच्या जागी थिजतं. त्याला मारायला नेम लागत नाही, हिंमत तर नाहीच नाही.

भारतातल्या चित्त्याची शेवटची पक्की नोंद अशीच आहे. १९४७ मध्ये आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांना, रामानुज प्रताप सिंह देव यांना, रात्री मोटारीतून जाताना तीन नर चित्ते एकत्र बसलेले दिसले. दोन गोळ्यांत तिन्ही संपले, कारण दुसरी गोळी एकातून आरपार जाऊन मागच्याला लागली. ही हकिकत आणि फोटो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापायला पाठवले गेले. संपादकांनी ते छापले, पण सोबत आपली तीव्र नापसंतीही छापली. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. (२०२२ मध्ये आफ्रिकेतले चित्ते कुनोत सोडले तो दिवसही १७ सप्टेंबर, आमचा मुक्तिसंग्राम दिन. योगायोगच, पण मराठवाड्याच्या माणसाला तो खटकतोच.)

चित्ता आधीच संपत आला होता, त्याचं सगळं पाप गाडीवर घालता येणार नाही. माळ नांगराखाली गेले, बंदुकांचे परवाने वाढले. पण काळवीट आणि माळढोक यांचं पन्नास-साठच्या दशकांत जे झालं त्यात जीपचा हात सरळ आहे. त्या काळात लिहिणाऱ्या निसर्गअभ्यासकांनी हे पुन्हा पुन्हा लिहिलंय. आणि कायद्यानंही ते मान्य केलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तेव्हा परवान्यावर काही शिकार चालत असे, त्यामुळे ती कशी करायची नाही हे सांगणारं कलम १७ होतं. चाकाच्या किंवा यंत्रानं चालणाऱ्या वाहनावरून शिकार करायला त्यात मनाई होती. मला हे वाचून थांबायला झालं. चाकाच्या वाहनात बैलगाडीही आली, पण ती मनाई लिहायची गरज हजार वर्षं कुणाला वाटली नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच गेली, सोबत ते कलमही.

आज परतूर तालुक्यात काळवीट आहेत, आणि रोही, रानडुकरं तर इतकी की शेतकरी कावलेत. हरभरा उगवला की रात्र जागून काढायची. २०१५ च्या शासन निर्णयानं पीक खाणाऱ्या रोही आणि रानडुकरांना परवानगी घेऊन मारता येतं, पण तो शिकारीचा छंद नव्हे, आणि काळविटाला हात लावायची सोय नाही. ती नसावीच, असं माझं मत.

मग आष्टीत हिवाळ्याची वाट कशासाठी? पाण्यासाठी. शेतीची लाईट पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली की डिसेंबरच्या थंडीत, मध्यरात्री, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला निघायचं. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी. ही आमची विंटर ट्रेल. या वाटेवरची भरवशाची गाडी कोणती, याचं उत्तर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत लोकांनी दिलेलं आहे. आधी राजदूत, दुधाचे कॅन दोन्हीकडे लटकवून. मग १९७२ ची लुना, ऐंशीच्या दशकात बजाजची एम-८०, आणि नंतर टीव्हीएसची एक्सएल. पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढून घरात ठेवायचा, म्हणजे पुन्हा बैलगाडीच्या चाकाचीच युक्ती. अडकली तर दोघांनी उचलून बांधावर ठेवायची. प्लग काढायचा, पुसायचा, किक मारायची. जीप अडकली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ट्रॅक्टरवाला दुसऱ्या दिवशी येतो.

आता एटीव्हीकडे. तिचा जन्मच हिवाळ्यासाठी आहे. अमेरिकेत थंडीत मोटारसायकली खपत नाहीत म्हणून होंडाच्या डीलरांनी काहीतरी वेगळं मागितलं, आणि १९७० मध्ये तीन चाकांची यूएस-९० आली. नव्वद सीसीचं इंजिन आणि फुग्यासारखे टायर. ती उलटायची, माणसं मरायची, म्हणून १९८८ मध्ये तीनचाकींची विक्री तिथं बंद झाली. तोवर १९८२ मध्ये सुझुकीनं चारचाकी आणली होती. बर्फावरच्या गाड्या बनवणारी मिनेसोटाची पोलॅरिस १९८५ पासून यात उतरली आणि २०११ मध्ये भारतात आली.

हिची सगळी जादू टायरच्या हवेत आहे. जीपच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय, हिच्यात तीन ते सात. जमिनीवर पडणारा दाब साधारण टायरमधल्या हवेइतकाच असतो, म्हणजे ही गाडी चालणाऱ्या माणसाच्या पावलाइतकाच भार टाकते. बर्फात, वाळूत, दलदलीत ती बुडत नाही. पण आमचा चिखल बुडवतो कमी आणि चिकटतो जास्त. टायरच्या बारीक नक्षीत काळी माती बसली की तो टायर गुळगुळीत झाला. त्यासाठी दोन दातांमध्ये मोठी फट असलेला तिरप्या पट्ट्यांचा टायर लागतो, फिरता फिरता माती झटकणारा. तो ट्रॅक्टरला असतो.

शिवाय एटीव्हीची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. घरून शेतात जाताना मध्ये डांबरी रस्ता लागतोच, तिथं काय करणार? यावर पुढे एक तोडगा निघाला. पोलॅरिसनं एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतलं, तेव्हा किंमत होती आठ लाखांच्या आसपास. आतेभावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग ट्रॅक्टरच घेतो ना." त्या पैशात जुना ट्रॅक्टर येतो, वर रोटाव्हेटर येतो, आणि पार्ट परतूरला मिळतात.