अल्मोड्याच्या डोंगरावरची काही वर्षे

इसवी सन १९२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात अ‍ॅना पाव्हलोव्हा ह्या जगद्विख्यात रशियन नर्तकीने पौर्वात्य विषयांवरची काही नवी नृत्ये सादर केली. त्यांतील दोन हिंदुस्थानी विषयांवरची होती. एक हिंदू विवाहाचे, दुसरे राधाकृष्णाचे. राधा झाल्या होत्या स्वतः पाव्हलोव्हाबाई. आणि कृष्णाच्या वेषात होता चित्रकला शिकावयास आलेला बावीस वर्षांचा एक विद्यार्थी. त्याचे नाव उदयशंकर. नवल असे की, ही दोन्ही नृत्ये ज्या तरुणाने बसविली, त्याने तोवर कोणत्याही नृत्यगुरूपाशी रीतसर तालीम घेतलेली नव्हती.

‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ हा शब्द आज सरकारी पत्रव्यवहारात इतका रुळून गेला आहे की, त्यातली देवाण कोणती आणि घेवाण कोणती, हे विचारण्याचे कोणी मनावर घेत नाही. एक मंडळी परदेशी जातात, दहावीस प्रयोग करून परततात. दुसरी मंडळी इकडे येतात आणि टाळ्या घेऊन जातात. त्याने स्नेह वाढतो, हे खरे. परंतु नाट्य आणि नृत्य ह्या अंगात मुरवावयाच्या विद्या आहेत. एका रात्रीच्या प्रयोगाने त्या देताही येत नाहीत आणि घेताही येत नाहीत. उदयशंकरांच्या चरित्रात ह्या व्यवहाराच्या दोन्ही तऱ्हा पाहावयास सापडतात. पॅरिस-न्यूयॉर्कचा दिग्विजय ही एक, आणि अल्मोड्याच्या डोंगरावर काढलेली थोडी वर्षे ही दुसरी. पहिलीचा गाजावाजा पुष्कळ झाला. मला मोलाची वाटते ती दुसरी.

उदयशंकरांचा जन्म १९०० सालचा, उदेपूरचा. वडील झालावाड संस्थानचे दिवाण, संस्कृतचे पंडित आणि बॅरिस्टर. बालपणाचा मोठा भाग गेला गाझीपूरजवळच्या नसरतपूर ह्या आजोळच्या गावी. तेथे चर्मकार समाजातील मातादीन नावाचा एक नर्तक होता. त्याचे नाचणे पाहावयास हा मुलगा चोरून जाई, आणि पुढे जगभर कीर्ती झाल्यावरही आपल्या पहिल्या प्रेरणेचा मान ते मातादीनलाच देत. १९१८ साली ते मुंबईस आले. जे. जे. कलाशाळेत चित्रकला आणि पंडित विष्णु दिगंबरांच्या गांधर्व महाविद्यालयात संगीत, असे दुहेरी शिक्षण त्यांनी घेतले. तेथून १९२० मध्ये लंडनला रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये, सर विल्यम रोथेनस्टाइन ह्यांच्या हाताखाली. मुंबईने त्यांच्या हाती कुंचला दिला आणि कानात सूर घातला. पायांना मात्र अद्याप काहीच दिलेले नव्हते.

पाव्हलोव्हाबाई १९२२-२३ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन गेल्या होत्या. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून त्यांच्या मंडळीने एक बॅलेही रचले. ह्या देशात त्यांना चित्रे दिसली, शिल्पे दिसली. नृत्य मात्र विशेष दिसले नाही. त्यात दोष सर्वस्वी त्यांचा नव्हता. नृत्य तंजावरकडे होते, लखनौस होते, केरळात होते. पण ज्यांच्या अंगी ते होते त्या स्त्रियांस आणि त्यांच्या गुरूंस आपल्याच सुशिक्षित समाजाने दाराबाहेर उभे केले होते. पाहुण्यांना दाखवावयाच्या गोष्टींत त्यांची गणना होत नसे. म्हणून पाव्हलोव्हाबाईंनी अजिंठ्याच्या स्थिर आकृतींना चालते केले, आणि उदयशंकरांनीही लंडनच्या वस्तुसंग्रहालयातील मूर्ती व चित्रसंग्रह पाहून तेच केले. त्या आरंभीच्या काळात रशियन बाई आणि हिंदी तरुण दोघेही एकाच पुस्तकातील चित्रे पाहत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि बाईंची दृष्टी पारखी होती. उदयशंकरांना बॅले शिकण्याची इच्छा होती. पण आपल्याच देशातले काही शोधून आम्हांस दाखवा, अशा आशयाचा सल्ला बाईंनी त्यांना दिला, असे सांगतात. काही वर्षांनी रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनाही त्यांनी असाच सल्ला दिला, आणि त्यातून पुढे मद्रासला १९३६ मध्ये ‘कलाक्षेत्र’ उभे राहिले, ही हकीगत आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

पाव्हलोव्हाबाईंच्या मंडळीतून १९२४ मध्ये बाहेर पडल्यावर पॅरिसमध्ये उदयशंकरांची काही वर्षे ओढगस्तीत गेली. ह्याच काळात पियानो वाजविणारी सिमोन बार्बिए ही फ्रेंच मुलगी त्यांच्याकडे नृत्य शिकू लागली. तीच पुढे ‘सिमकी’ ह्या नावाने त्यांची प्रमुख सहनर्तकी झाली. दुसरी भेट अ‍ॅलिस बोनर ह्या स्विस शिल्पकर्तीची. १९३० मध्ये ही दोघे हिंदुस्थानात आली, गावोगाव फिरली, नर्तक पाहिले, वाद्ये गोळा केली. आणि मार्च १९३१ मध्ये पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहात उदयशंकरांच्या स्वतःच्या मंडळीचा पहिला प्रयोग झाला. मंडळीत त्यांचे भाऊ होते; सर्वांत धाकटा रवि, तेव्हा अवघा दहा वर्षांचा.

ह्या मंडळीच्या संगीताविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्याकडे फार कमी लक्ष जाते. संगीताची बाजू सांभाळणाऱ्यांत दोन नावे मुख्य. अल्लाउद्दीनखाँसाहेबांचे शिष्य तिमिर बरन, आणि विष्णु दिगंबरांच्या तालमीत वाढलेले विष्णुदास शिराळी. पाश्चात्त्य वाद्य एकही घ्यावयाचे नाही, पण पाश्चात्त्य नाट्यगृहाची वेळ मात्र काटेकोर पाळावयाची, असा हा पेच होता. जो राग आपल्याकडे तास-दीड तास चालावयाचा तो एका नृत्यापुरता चार-पाच मिनिटांत बसवावा लागे. सरोद, सतार, बासरी, जलतरंग, तबलातरंग, नाना तऱ्हेचे ढोल आणि घंटा ह्यांचा मेळ असा घालावयाचा की, प्रत्येक वाद्याची जात ओळखू यावी आणि तरी सर्वांची मिळून एक आकृती व्हावी. आपल्या संगीतात वृंदवादनाची परंपरा अशी फारशी नव्हतीच. जे काही ह्या मंडळीने केले ते प्रवासात, आगगाडीत आणि रंगपटात बसून केले. पुढे आकाशवाणीने वाद्यवृंद सुरू केला आणि आपल्या चित्रपटांतून पार्श्वसंगीत आले, तेव्हा ही वाट आधीच थोडी मळलेली होती. गांधर्व महाविद्यालयाच्या त्या शिस्तीची ही पॅरिसमधील फलश्रुती विष्णु दिगंबरांना कितपत मानवली असती, कोण जाणे!

डिसेंबर १९३२ मध्ये ही मंडळी सॉल ह्युरोक ह्या प्रख्यात व्यवस्थापकाच्या आश्रयाने अमेरिकेत गेली. त्यावेळी महात्माजी येरवड्याच्या तुरुंगात होते. तिकडे मिस मेयोच्या १९२७ सालच्या ‘मदर इंडिया’ पुस्तकाने हिंदुस्थानविषयी जी घाण पसरविली होती ती अजून निवळली नव्हती. अशा वेळी शिव-पार्वती, इंद्र आणि गंधर्व ह्यांचे ते तेजस्वी, संयमित दर्शन घडले. त्याचे राजकीय मोल मी कमी लेखीत नाही. परंतु न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाने त्यातून नेमके काय घेतले? एक सुंदर, दूरचा, काळाबाहेरचा देश. मिस मेयोच्या चित्राला त्याने उत्तर मिळाले खरे, पण उत्तर म्हणूनही मिळाले ते चित्रच.

उदयशंकरांना ह्याची जाणीव झाली होती, असे त्यांच्या पुढील वागण्यावरून दिसते. त्यांनी शंकरन् नंबूद्री ह्यांना गुरू करून कथकळीचे शिक्षण घेतले. कीर्तीच्या शिखरावर असताना पुन्हा विद्यार्थी होणे ही साधी गोष्ट नव्हे. आणि १९३६ मध्ये, युरोपच्या दौऱ्यातच, ते इंग्लंडच्या डेव्हनशायर भागातील डार्टिंग्टन हॉल येथे काही महिने जाऊन राहिले.

ह्या डार्टिंग्टनची कुळकथा सांगण्यासारखी आहे. लेनर्ड एल्महर्स्ट हा इंग्रज शेतकीतज्ज्ञ रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून बंगालमध्ये आला आणि १९२२ मध्ये त्याने सुरूलला, म्हणजे श्रीनिकेतनात, ग्रामपुनर्रचनेचे काम उभे केले. परत गेल्यावर डोरोथी ह्या धनाढ्य अमेरिकन पत्नीसह त्याने १९२५ मध्ये डार्टिंग्टनची पडकी वास्तू विकत घेतली आणि तेथे शेती, शाळा व कला ह्यांचा एकत्र संसार मांडला. म्हणजे बंगालच्या लाल मातीतील कल्पना इंग्लंडच्या हिरव्या टेकड्यांत रुजली. तेथे १९३४ पासून जर्मन नृत्यकार कुर्ट योस ह्यांची मंडळी आश्रयाला होती. यहुदी सहकाऱ्यांना काढून टाकण्यास नकार दिल्यामुळे योसना १९३३ मध्ये नाझी जर्मनी सोडावी लागली होती. युद्ध पुकारणाऱ्या मुत्सद्द्यांच्या हिरव्या मेजावरचे त्यांचे नृत्यनाट्य आधुनिक नृत्याच्या इतिहासात मानाने उल्लेखिले जाते. १९३६ मध्ये तेथेच मायकेल चेकॉव्ह आले. हे नाटककार आंतोन चेकॉव्ह ह्यांचे पुतणे आणि स्तानिस्लाव्हस्की ह्यांचे शिष्य. नटाने कल्पनाशक्ती कशी तापवावी, शरीराच्या एका हालचालीत मनाची अवस्था कशी आणावी, ह्याचे वर्ग ते घेत.

उदयशंकरांनी हे सर्व पाहिले, आणि योसचे नृत्य अगर चेकॉव्हचे नाटक इकडे आणण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी आणली ती शिकविण्याची रीत. घेवाण म्हणतात ती ही!

एल्महर्स्ट पतिपत्नींच्या आणि डोरोथीबाईंची कन्या बिअ‍ॅट्रिस स्ट्रेट हिच्या साहाय्याने हिमालयाच्या पायथ्याशी अल्मोड्याला, सिमतोला येथे, उदयशंकरांचे केंद्र १९३९ च्या सुमारास सुरू झाले. कथकळीला शंकरन् नंबूद्री, भरतनाट्याला कंदप्प पिळ्ळै, मणिपुरीला अमोबी सिंग, संगीताला खुद्द अल्लाउद्दीनखाँ. असे चार प्रांतांचे चार आचार्य एका आवारात राहत होते. ज्या परंपरा १९२३ मध्ये पाव्हलोव्हाबाईंना दिसल्या नाहीत, त्या येथे एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या. पण विशेष होता तो उदयशंकरांचा स्वतःचा वर्ग. त्यात मुद्रा नसत, तोडे नसत. नुसते चालावयाचे. ओझे घेऊन, भीतीने, गर्दीतून वाट काढीत. एखादा प्रसंग देऊन विद्यार्थ्याला त्यातून स्वतःची हालचाल शोधावयास लावीत. गुरूने दाखविलेले जसेच्या तसे उचलण्याची ज्या देशात हजार वर्षांची सवय, तेथे ‘तू शोध’ असे सांगणारा हा गुरू नवखाच म्हणावा लागेल. खाँसाहेबांसारख्या कडव्या तालमीच्या माणसाच्या शेजारच्या खोलीत हे चालत असे!

वर्गाची घडी बसविण्यात जोहरा मुमताज, म्हणजे पुढे जोहरा सैगल ह्या नावाने सर्वांना परिचित झालेल्या बाई, ह्यांचा मोठा वाटा होता. रामपूरच्या खानदानी मुस्लिम घराण्यातली ही मुलगी ड्रेस्डेनला मेरी विगमन ह्यांच्या शाळेत तीन वर्षे आधुनिक जर्मन नृत्य शिकून आली होती, आणि १९३५ मध्ये उदयशंकरांच्या मंडळीत दाखल झाली. तिने केंद्रासाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखला. दुर्दैव असे की, पाच वर्षांचा तो अभ्यासक्रम पुरा होण्याइतकी वर्षेच केंद्राच्या वाट्याला आली नाहीत. महायुद्ध पेटले, परदेशचा पैसा आटला, उदयशंकरांचे मन चित्रपटाकडे ओढले गेले. आणि १९४४ पर्यंत सर्व विस्कटले.

मात्र जी मंडळी तेथून पांगली ती कोठे गेली हे पाहण्यासारखे आहे. शांतिवर्धन मुंबईस आले. अंधेरीला जननाट्य संघाच्या पथकात त्यांनी तरुण कलावंतांना तयार केले आणि १९५२ मध्ये ‘लिटल बॅले ट्रुप’ स्थापन केले. क्षयाने पोखरलेल्या देहाने त्यांनी बसविलेले रामायण, ज्यात माणसे कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने चालत, पुढे देशोदेशी गेले. १९५४ मध्ये ते वारले. सचिन शंकर ह्यांनी आपले बॅले युनिट मुंबईतच काढले. जोहराबाई पृथ्वी थिएटर्समध्ये चौदा वर्षे होत्या. आणि गुरुदत्त पदुकोण नावाचा एक विद्यार्थी अल्मोड्याहून पुण्यास ‘प्रभात’मध्ये आला. ‘हम एक हैं’ ह्या चित्रपटाची नृत्ये त्याने बसविली. पुढील त्याचे कर्तृत्व सांगावयास नकोच. ह्यांपैकी कोणी उदयशंकरांची नक्कल केली नाही.

उदयशंकरांनी आपल्या स्वप्नाचा चित्रपट केला. मद्रासमध्ये तयार झालेला ‘कल्पना’ १९४८ मध्ये प्रदर्शित झाला. संगीत विष्णुदास शिराळींचे. पैशाच्या दृष्टीने तो पडला. २०१२ मध्ये त्याची नवी, दुरुस्त प्रत कान महोत्सवात दाखविली गेली, तेव्हा तो काढणाऱ्याला जाऊन पस्तीस वर्षे होत आली होती.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने अंगावर घेतले. १९५० मध्ये मौलाना आझादांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी. १९५६ च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या वतीने मार्था ग्रॅहॅम ह्यांची मंडळी येथे येऊन गेली. आपलीही पुष्कळ मंडळी जगभर गेली. हे सर्व इष्टच आहे. मी स्वतः शासनव्यवहारात आयुष्य घालविणारा माणूस असल्यामुळे मला एवढेच जाणवते की, अशा दौऱ्याचा अहवाल लिहिताना कलावंत किती, प्रयोग किती, खर्च किती, ह्यांचे रकाने सहज भरता येतात. येताना काय शिकून आलात, ह्याचा रकाना नसतो; आणि असला तरी तो भरावयास दहा-वीस वर्षे थांबावे लागेल. तेवढा धीर हिशेबाच्या वर्षाला नसतो. अल्मोड्याचे केंद्र त्या हिशेबाने तोट्यातच दाखवावे लागले असते.

अल्मोड्याचे आणखी एक विद्यार्थी नरेंद्र शर्मा दिल्लीला स्थायिक झाले. मॉडर्न स्कूलमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे मुलांना नृत्य शिकविले, आणि १९७२ मध्ये ‘भूमिका’ ही आपली नृत्यसंस्था काढली. २००८ साली ते निवर्तले. शाळेतील मुलांनाही ते आधी शोधावयास शिकवीत, मग नाचावयास. डार्टिंग्टनचे, चेकॉव्हचे, योसचे नाव त्या मुलांपैकी फारच थोड्यांच्या कानांवर आले असेल.