सेरामपूरची नियमावली आणि गंधवानीचा विद्यार्थी

धार जिल्ह्यातील गंधवानी तालुका हा भिल्ल वस्तीचा मुलूख. धार व देवास ही पवारांची संस्थाने असल्यामुळे मराठी तेथे दरबाराबरोबर पोहोचली. परंतु गंधवानीच्या बाजूस घरी भिल्ली, बाजारात निमाडी आणि शाळेत हिंदी, असा व्यवहार आहे. अशा गावातून एखादा तरुण ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासासाठी निघाला, तर त्याच्यापाशी पाळकाचे शिफारसपत्र असते, आणि विद्यालयाच्या दारात त्याच्या हाती एक नियमावली पडते. तो जबलपूरच्या लेनर्ड ईश्वरविज्ञान महाविद्यालयात गेला, तर त्याची पदवी सेरामपूरच्या अधिसभेची असेल. आपल्यापैकी अनेकांच्या पदवीपत्रांवरही तेच नाव आहे. (हे अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे, हे नवीन वाचकांसाठी सांगून ठेवतो.) म्हणून विद्यार्थ्याकडून काय अपेक्षावे, याचा निर्णय सेरामपूरने आरंभी कसा केला, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केरी, मार्शमन व वॉर्ड या तिघांनी 1818 मध्ये हे महाविद्यालय काढले. केरीसाहेबांची मराठीला ओळख करून द्यावयास नको; 1805 चे व्याकरण आणि 1810 चा कोश ही त्यांचीच. आरंभीच्या 37 विद्यार्थ्यांपैकी 19 ख्रिस्ती होते. उरलेल्यांत बहुतेक हिंदू. म्हणजे नियमांचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला: एका वर्गात बसणाऱ्या या दोघांस एकच अट घालावी काय?

या ठिकाणी केरी स्वतः कोण होते, हे विसरून चालणार नाही. ते मूळचे चांभारकाम करणारे, आणि बाप्तिस्त पंथाचे. त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतानाच इंग्लंडच्या मंडळीच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये ती अट पदवीच्या वेळी आड येई. विद्यापीठांतील या धार्मिक कसोट्या पुष्कळशा 1871 च्या कायद्याने गेल्या. तेव्हा ज्या विद्यापीठाचे दार आपल्या मतांमुळे आपणांस बंद, त्याची आठवण ठेवून या माणसांनी आपले दार घडविले, असे आम्ही समजतो.

डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने 23 फेब्रुवारी 1827 रोजी सनद दिली आणि महाविद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार प्राप्त झाला. त्या सनदेखालील नियम 1833 मध्ये ठरले. वॉर्ड 1823 मध्येच वारले होते, आणि केरींचे अखेरचे वर्ष सुरू होत होते. ते नियम आजही वाचण्यासारखे आहेत. जात, वर्ण वा देश यांमुळे कोणासही प्रवेश नाकारावयाचा नाही. ख्रिस्ती विद्यार्थी कोणत्याही मंडळीचा चालेल: प्रॉटेस्टंट, रोमन कॅथॉलिक, ग्रीक वा आर्मेनियन. हिंदू व मुसलमान तरुणांना अभ्यासासाठी घ्यावे. त्यांच्या चालीरीतींमुळे ते महाविद्यालयात राहू शकत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. या शेवटच्या सवलतीत जातिभेदाला वाट मिळाली, असे कोणी म्हणेल, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या पंगतीत जात शिरू द्यावयाची नाही, हा त्यांचा बाणा केव्हाच ठरलेला होता.

विद्यार्थ्याला काढून टाकण्याची कारणे कोणती? उघड दुर्वर्तन, न सुधारणारा आळस, नियमांची हेळसांड, आणि अधिकाऱ्यांची वारंवार अवज्ञा. या यादीत अविश्वास नाही. विश्वासाची अट मात्र दुसरीकडे आहे. प्रभू येशूचे देवत्व व त्याचे प्रायश्चित्त यांवरील विश्वास ज्याचा ढळला, त्या पदाधिकाऱ्याने वा अध्यापकाने आपले पद सोडावे, असे नियम सांगतात. तेही शपथ न घालता. पद स्वीकारणे हेच त्याच्या विवेकबुद्धीवरील बंधन. शिकणाऱ्याकडून उद्योग व वर्तन मागावे आणि शिकविणाऱ्याकडून श्रद्धा मागावी, ही वाटणी आम्हांस या नियमावलीचा गाभा वाटते. (आळसाचे कलम आपल्या विद्यालयांतून जितके कमी वापरले जाते तितके दुसरे कोणतेही नसेल, हा आमचा अनुभव.)

पुढील मिशन शाळांनी ही वाटणी सर्वत्र राखली नाही. पवित्र शास्त्राचा तास बहुधा सर्वांस सक्तीचा झाला. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी यांचा 1839 मध्ये बाप्तिस्मा होताच पारशी समाज खवळला आणि शाळेतील मुले भराभर काढून नेण्यात आली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री प्रभूकडे वळले, व त्यांचा लहान भाऊ श्रीपत यास न्यायालयाने वडिलांच्या हवाली केले. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसविले, हे सर्वांस ठाऊक आहे. श्रीपतच्या वयाचा प्रश्न मात्र आपण सहसा काढीत नाही. विल्सनसाहेबांच्या विद्वत्तेविषयी व प्रेमळपणाविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तरीही, ‘ज्यास तास नको त्याने येऊ नये’ हे उत्तर, जेथे चांगली शाळा एकच असते तेथे फारसे टिकत नाही. इंदूरचे ख्रिश्चन कॉलेज कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1887 मध्ये काढले, तेव्हा माळव्यात उच्च शिक्षणाची दारे तरी किती होती?

अखेर 1950 मध्ये अमलात आलेल्या संविधानाने हा प्रश्न सोडविला. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य वा शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्थेत कोणासही त्याच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. आपल्यापैकी काहींना हे बाहेरून लादलेले बंधन वाटले. 1833 चे नियम वाचणाऱ्यास तसे वाटू नये.

आता गंधवानीचा तो तरुण. तो ख्रिस्ती आहे आणि सेवेसाठीच शिकू पाहतो, तेव्हा त्याच्याकडून श्रद्धेची अपेक्षा करणे रास्तच. परंतु ती पारखण्याचे काम त्याच्या मंडळीचे व पाळकाचे. उपस्थितीपत्रकाने ती मोजता येत नाही. प्रभातप्रार्थनेस तीनदा उशीर झाला म्हणून ज्याच्या पाचारणाविषयी शंका घेतली जाते, त्याची भाषेची अडचण बहुधा कोणी विचारीतही नाही. भिल्लीत विचार करून हिंदीत वा इंग्रजीत उत्तर लिहिणाऱ्यास आळशी म्हणणे सोपे आहे. सेरामपूरच्या संस्थापकांनी तर देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला होता. पुढील वर्षीची शिफारसपत्रे लिहिताना पाळकबंधूंनी उमेदवाराच्या शीलाबरोबर, तो कोणत्या भाषेत प्रार्थना करतो, हेही एका ओळीत लिहावे, अशी आमची विनंती आहे.