खामोशी आणि सुकून

पहाटे फज्रची अजान होते आणि आमच्या गल्लीत पावले वाजू लागतात. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या खांद्याला बॅग, कोणी रिक्षाची वाट पाहत उभा. सगळे डहाणू रोड स्टेशनकडे निघालेले असतात. तिथून चर्चगेट १२४ किलोमीटर. जायला अडीच-तीन तास, यायला तितकेच. ऊन वर येते तेव्हा मोहल्ल्यात उरतात ती म्हातारी माणसे, घर सांभाळणाऱ्या बायका आणि शाळकरी मुले. मुंबईचे नातेवाईक विचारतात, "कैसा है तुम्हारा डहाणू?" आमचे उत्तर ठरलेले, "बहोत सुकून है."

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. वर्गात 'खामोशी' आणि 'सुकून' या दोन शब्दांतला फरक मुलांना समजावून सांगावा लागतो. बोलायची हिंमत नसते तेव्हा खामोशी असते. मनाला धास्ती उरत नाही तेव्हा सुकून असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ज्या गावाला आम्ही शांत म्हणतो, त्याच्या इतिहासात यांतले कोणते किती होते, हे पाहावे म्हणून हा लेख.

आधी आमचीच गोष्ट. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांनी आपल्या जुन्या वस्त्या सोडल्या. कोणी मुंब्रा गाठले, कोणी मीरा रोड. पुढे तिथल्याही जागा महागल्या. मग नालासोपारा, विरार, पालघर, बोईसर असे एकेक स्टेशन मागे टाकत आमच्यासारखे काही जण डहाणूपर्यंत आले. आमच्या बुजुर्गांच्या लेखी शांत गाव म्हणजे जिथे रात्री दाराची कडी वाजली तर छातीत धस्स होत नाही ते गाव. समुद्र, झाडे, हवा हे सगळे त्यानंतर.

आम्हाला इथे आणले रेल्वेने. मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. समुद्रकाठचे जुने डहाणू गाव मार्गापासून थोडे दूर राहिले, म्हणून स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लागला. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. तीच लोकल पुढे डहाणूपर्यंत यायला मात्र १४६ वर्षे लागली. १६ एप्रिल २०१३ रोजी ती आली. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती. २०१३ पूर्वी आमची भिस्त शटल आणि मेमूवर असे. विरारला उतरायचे, धावत दुसरा फलाट गाठायचा आणि उभ्यानेच पुढे जायचे. लोकल आली आणि डहाणू मुंबईच्या उपनगरांच्या नकाशात गेले. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा झाला.

तलासरीचे तसे नाही. तलासरीला रेल्वे नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग गावावरून जातो, पण तो थांबण्यासाठी नसून पुढे जाण्यासाठी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यात दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. डहाणू तालुक्यात सुमारे सत्तर टक्के. म्हणजे आम्ही ज्याला आमचे शांत उपनगर म्हणतो, ते मुळात वारल्यांचे, कोकण्यांचे, धोडियांचे, कातकऱ्यांचे आणि किनाऱ्यावर मांगेल्यांसारख्या मच्छीमारांचे मुलूख आहे.

आणि हा मुलूख फार काळ खामोश होता. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालात इथल्या वेठीची आणि कर्जाच्या गुलामीची नोंद आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, अशी पद्धत होती. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. जमीन एकेकाळी त्यांचीच होती. ती सावकारांच्या आणि जमीनदारांच्या घशात गेली होती. या जमीनदारांत हिंदू होते, पारशी होते आणि मुसलमानही होते. हे लिहिताना हात थोडा अडखळतो. पण आपल्यावर झालेला जुलूम मोठ्याने सांगायचा आणि आपल्यातल्या कोणी केलेला जुलूम वगळायचा, असा इतिहास आम्हाला मुलांना शिकवायचा नाही.

ही खामोशी तुटली १९४५ साली. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्याचे काही सोबती तिथे गेले आणि आपली कहाणी सांगून आले. शामराव आणि गोदावरी परुळेकर मग या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा तो सारा उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा त्याचा एक भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्याचा तलासरी महाल झाला.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे सभेच्या खोट्या निरोपावर जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आणि त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारी मोडली ती मालकांना दया आली म्हणून नव्हे. माणसे बोलू लागली म्हणून ती मोडली.

त्याच १९४५ मध्ये बोर्डीला दुसरे एक काम सुरू झाले. बी.एड. करताना ताराबाई मोडकांचे नाव आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांनी आणि अनुताई वाघांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र आमच्या घरापासून काही मैलांवर उभे केले, हे कळले ते इथे राहायला आल्यावर. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा विचार अंगणवाडीच्या रूपाने देशभर पोचला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मुले गैरहजर राहिली की पालकांना चिठ्ठी पाठवून मोकळे होणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांनी त्या टेकडीवर एकदा तरी जाऊन यावे.

आता झाडांबद्दल आणि हवेबद्दल. घोलवड-डहाणूचे चिकू मुंबईच्या बाजारात नावाने विकले जातात. या बागा इराणी, पारशी आणि स्थानिक बागायतदारांनी लावल्या, पण खड्डे खणणारे आणि फळे उतरवणारे हात बहुतांशी आदिवासींचे होते. ही हिरवळ टिकली तीही आपोआप नाही. डहाणूला ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र येणार म्हणून नर्गिस इराणी आणि इतर रहिवासी न्यायालयात गेले. केंद्र १९९५ मध्ये सुरू झालेच. पण त्याआधी २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता आणि उद्योगांवर बंधने घातली होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. वाढवणच्या बंदराला या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला. बिल्डरच्या जाहिरातीत 'निसर्गरम्य, प्रदूषणमुक्त' असे छापले जाते, त्यामागे अशी कोर्टकचेरी आहे.

काळ बदलला. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. नव्या अध्यक्षांच्या काळात त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये वाढवण बंदराला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि डायमेकर अनेक वर्षे विरोध करत आले. कोणी रोजगाराची आशा धरून आहेत, कोणी जाळी कुठे टाकायची या काळजीत. लोकलच्या डब्यात मात्र चर्चा होते ती जागेचे भाव किती वाढतील याची. इथे आमचे मन आम्हाला खाते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीचे नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात असे. पाड्यांवरची माणसे थंडीत घराबाहेर झोपत होती. आम्हीही त्या रात्री मुलांना उचलून इमारतीखाली उभे राहिलो. सकाळी मात्र लोकल पकडली. दिवसभर आम्ही १२० किलोमीटर दूर होतो. धक्के इथे बसत होते.

कामासाठी घर सोडणारे आम्ही एकटेच नाही. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कितीतरी आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने राहतात. आमच्याकडे पास आहे, संध्याकाळी परतीची गाडी आहे. त्यांचे पाडे ज्या महिन्यांत रिकामे होतात, त्या महिन्यांत आमचे पाहुणे येतात आणि म्हणतात, किती शांत आहे इथे.

आम्ही इथे सुकून शोधत आलो, त्यात गैर काही नाही. ज्याने जळती गल्ली पाहिली आहे त्याला शांत रात्रीची किंमत विचारू नये. पण हा सुकून आमच्या पैशाने विकत घेतलेला नाही. झरीला जमलेल्या वारल्यांचे, कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्यांचे, कोसबाडला मुलांमागे फिरणाऱ्या दोन बायकांचे त्यात देणे आहे. आमच्या मुलांना अलीगढची आणि दिल्लीची तारीख पाठ आहे. झरी कुठे आहे, ते त्यांना ठाऊक नाही. दोष मुलांचा नाही. सहा वाजता गाडी पकडणाऱ्या आम्हा बापांचा आहे.

या मे महिन्यात आम्ही काही घरांनी मिळून ठरवले आहे. २३ तारखेला एक दिवस रजा टाकायची, तलासरीची एस.टी. धरायची आणि मुलांना घेऊन झरीला जायचे. भाषण नको, फलक नको. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सलाम करावा, बसावे, आणि तो बोलेल ते मुलांनी ऐकावे.