रुग्णालयांतील अग्निसुरक्षा (महाराष्ट्र)

रुग्णालयात आग लागू नये, लागलीच तर पसरू नये आणि खाटेवरून उठू न शकणारे रुग्णही सुखरूप बाहेर निघावेत, यासाठीची कायदेशीर व तांत्रिक व्यवस्था.

कायदा : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. यंत्रणा बसवणे आणि ती चालू ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. परवानाधारक एजन्सीचे देखभाल-प्रमाणपत्र (फॉर्म बी) दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. एनओसी (ना-हरकत दाखला) मिळाली की काम संपले, असे अनेक व्यवस्थापने धरून चालतात; प्रत्यक्षात खरा हिशेब फॉर्म बीचाच.

यंत्रणा : टाकी, पंप, राइझर (उभी जलवाहिनी), होज रील, स्प्रिंकलर, धूरसूचक व अलार्म. तपासणीत आधी पंपरूम पाहावी. लाइनमधला दाब टिकवणारा जॉकी पंप वरचेवर सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर राहिला असेल, तर स्प्रिंकलर फुटूनही मुख्य पंप आपोआप सुरू होत नाही. भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे मात्र वॉर्डबॉयलाही तपासता येते.

रुग्ण हलवणे : अतिदक्षता विभागातला रुग्ण जिन्याने उतरवणे अवघड, म्हणून त्याला आधी त्याच मजल्यावर, अग्निरोधक दरवाजापलीकडच्या भागात नेतात. तो दरवाजा स्टूल लावून उघडा ठेवलेला असला, तर धूरही त्याच वाटेने येतो. वॉर्डचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह कोणी, कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे प्रत्येक पाळीत ठरलेले असावे.

घटना : ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षातील आगीत १० अर्भके दगावली; ७ वाचवण्यात आली. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी ३ मृत्यू भाजल्याने व ७ गुदमरून झाल्याचे सांगितले. धूर बाहेर काढण्याची सोय आग विझवण्याच्या पाण्याइतकीच महत्त्वाची मानावी लागते, ती यामुळे. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात (किमान १३ मृत्यू), २८ एप्रिलला मुंब्र्यात (४ मृत्यू) आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयात (त्याच दिवशी ११ मृत्यू) आगी लागल्या. कारणांत विद्युत बिघाडाचा उल्लेख वारंवार येतो; दोष नेमका कोणाचा, याबाबत एकमत नाही.

मॉक ड्रिल : रात्रपाळीत घ्यावी.

हद्दीच्या प्रश्नाचे उदाहरण, राहनाळ : ठाणे जिल्ह्यातील, भिवंडीलगतच्या गोदामांच्या पट्ट्यातले गाव. ते भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर असून भोवतालच्या अधिसूचित क्षेत्राचे नियोजन एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. त्यामुळे येथे रुग्णालय उभारताना कोणता दाखला कोणत्या कार्यालयाकडून घ्यायचा, हे आधी सातबारा व हद्द पाहून ठरवावे लागते. शेजारच्या गोदामात काय साठवले आहे याचीही नोंद ठेवावी. रुग्णालयाच्या फॉर्म बीत ती येत नाही.