संकलक : कुलाब्यापासून गगनबावड्यापर्यंत

कंपायलरला मराठीत 'संकलक' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो चुकलेला वाटला होता. संकलक म्हणजे ओव्या, म्हणी, लोकगीते गोळा करणारा माणूस. संगणकातला हा प्राणी तर भाषांतर करतो, मग त्याला भाषांतरकार का म्हणू नये? तेव्हा थोडा मागे जाऊन शोध घेतला आणि कळले की नावामागे कारण आहे.

ग्रेस हॉपर या बाई मुळात व्हासार कॉलेजात गणित शिकवत (शिक्षकी पेशाचा अभिमान म्हणून मुद्दाम सांगतो). दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकन नौदलात गेल्या आणि तिथून संगणकात. १९५२ साली युनिव्हॅक या यंत्रासाठी त्यांनी 'ए-झिरो' नावाची आज्ञावली तयार केली. टेपवर ठेवलेल्या तयार गणिती कृतींना क्रमांक दिलेले असत. माणसाने फक्त क्रमांक सांगायचे, यंत्राने त्या कृती वेचून, एकत्र जोडून सलग आज्ञावली बनवायची. म्हणजे खरोखरच संकलन! पुढे काम बदलले, नाव राहिले. १९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या यंत्रासाठी फोरट्रान आणली. माणसाला समजेल असे सूत्र लिहायचे आणि यंत्राच्या भाषेत त्याचे पूर्ण रूपांतर करून घ्यायचे, हे तिथून रुळले.

आणखी एक फरक सांगून पुढे जातो, कारण पुढच्या गोष्टीला तो लागणार आहे. एक असतो दुभाषा, दुसरा भाषांतरकार. दुभाषा शेजारी उभा राहून वाक्यागणिक सांगतो; तो गेला की संभाषण थांबले. भाषांतरकार सगळे पुस्तक घेऊन जातो आणि दुसऱ्या भाषेतले पुस्तक हातात ठेवतो. मग त्याची गरज उरत नाही. बेसिक ही भाषा बहुधा दुभाष्याकडून चालवत. सी भाषा भाषांतरकाराची, म्हणजे संकलकाची.

आपल्याकडे हा भाषांतरकार आधी मुंबईत आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली इथल्याच मंडळींनी एक मोठा संगणक बांधला. तो १९६० मध्ये चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबात ती १० किलोबाइट होते. चार जीबीच्या साध्या मोबाइलची स्मृती त्याच्या चार लाख पट भरते, मी कागदावर गुणाकार करून पाहिला. टिफ्रॅकसाठी आज्ञा यंत्राच्याच भाषेत, आकड्यांत लिहाव्या लागत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि त्याबरोबर फोरट्रानचा संकलक आला. देशभरातल्या संस्था ते यंत्र वापरत. एक ओळ म्हणजे एक छिद्रित कार्ड. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि थांबायचे. निकालाचा कागद परत आला की कळायचे, अमुक कार्डावर स्वल्पविराम राहिला. दुरुस्त करायचे आणि पुन्हा रांगेत! आमच्या पिढीला यात नवल वाटणार नाही, आम्ही मनीऑर्डरीच्या पोचपावतीची याहून जास्त वाट पाहिली आहे.

ही वाट पाहणे मोडले ते १९८३ मध्ये. बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कलमध्ये लिहिणे, भाषांतर करणे आणि चालवून पाहणे एकाच पडद्यावर आले, किंमत ५० डॉलरला पाच सेंट कमी. १९८७ मध्ये त्याच कंपनीचे टर्बो सी आले. त्याचा निळा पडदा आपल्या कॉलेजांतून इतकी वर्षे टिकला की मूळ कंपनीने तो सोडून दिल्यावरही मुले त्यावरच परीक्षा देत होती. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' याच काळात घरोघरी पोचले. एका मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेल्या या पुस्तकाने किती पोरांना नोकरीला लावले असेल, त्याची मोजदाद कोण करणार?

शाळांचे काय? १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली आणि पहिल्या वर्षी देशातल्या २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. आमच्या शाळेला मिळाला नाही. आमच्याकडे त्या वर्षांत छपराचे पत्रे आले, आणि इथल्या पावसात त्यांची गरज जास्त होती हेही खरे. बीबीसी मायक्रो बनवणारी कंपनी केंब्रिजची एकॉर्न. त्याची बेसिक भाषा सोफी विल्सन यांनी लिहिली होती. त्यांनी आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एक छोटा, कमी वीज खाणारा प्रोसेसर आखला. एप्रिल १९८५ मध्ये तो तयार होऊन आला तेव्हा त्याची चाचणी बीबीसी मायक्रोला जोडूनच घेतली गेली. त्याचे नाव आर्म. आज आपल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याचाच वंशज आहे. म्हणजे शाळेला न मिळालेल्या त्या संगणकाचे नातवंड आता गावात ज्याच्या त्याच्या खिशात आहे!

पण खिशात यंत्र असणे वेगळे आणि भाषांतरकार असणे वेगळे. त्यासाठी तीन माणसांचे उपकार मानावे लागतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा संकलक सर्वांना मोकळा करून दिला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा दिला, ज्यावर पुढे अँड्रॉइड उभे राहिले. ख्रिस लॅटनर यांनी २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेल्या कामातून क्लँग हा दुसरा मुक्त संकलक निघाला. २०१५ मध्ये टर्मक्स नावाचे अॅप आले आणि त्यातून क्लँग मोबाइलवर बसवता येऊ लागला. सगळे फुकट!

आमच्या घरात तो आला पुतण्याच्या मुलीमुळे. ती कोल्हापूरला पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉपची ऐपत सध्या नाही. पावसाळ्यात गगनबावड्याला आली की इथली परिस्थिती तुम्हा नातलगांना ठाऊकच आहे. दोन-दोन दिवस वीज नाही, टॉवरची बॅटरी उतरली की रेंज नाही. तिने कोल्हापुरात असतानाच संकलक उतरवून घेतला होता. मी विचारले, "अगं, नेट नाही तर हे चालतंय कसं?" तर म्हणाली, "आबा, त्याला नेट लागतंय कशाला? भाषांतर करणारा आतच बसलाय की."

तेव्हा मला दुभाषा आणि भाषांतरकार यांतला फरक आठवला. सी भाषा १९७२ च्या सुमाराची, डेनिस रिची यांची. ती जन्मली तेव्हा आजचे इंटरनेट नव्हतेच, मग तिला त्याची उणीव का भासावी? चार्जिंग असले की झाले.

अडचणी वेगळ्याच आहेत. महिरपी कंस आणि अर्धविराम मोबाइलच्या कळफलकावर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दडलेले असतात. म्हणून ती आधी वहीत लिहिते, ओळीओळीवरून बोट फिरवते आणि मगच टाइप करते. वरच्या वर्गातल्या मुलींकडून मिळालेल्या जुन्या वह्यांतली उदाहरणे टर्बो सीच्या काळातली. त्यांतली 'कोनिओ' नावाची फाइल क्लँगला सापडतच नाही. चुकांचे संदेश इंग्रजीत, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलीला प्रत्येक संदेश शब्दकोशाला लावून वाचावा लागतो. पण अर्धविराम राहिला की क्लँग बरोबर त्या जागेखाली एक खूण करतो, आणि ती खूण म्हणजे आपले हंसपद! मी हजारो निबंधांत तांबड्या शाईने काढले तेच.

एक गोष्ट मात्र मला खटकते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नियम आला की नव्या पद्धतीने बांधलेल्या अॅपने स्वतःच्या जागेत लिहिलेली फाइल थेट चालवू नये. हेतू सुरक्षेचा, आणि तो मी खोटा म्हणत नाही. पण संकलकाचे काम तरी दुसरे काय आहे? फाइल लिहायची आणि ती चालवायची. त्यामुळे टर्मक्सने जुन्या पद्धतीवर राहणे पत्करले आणि २०२० नंतर काही वर्षे प्ले स्टोअरवर त्याची सुधारित आवृत्ती येईना. लोकांना ते एफ-ड्रॉइडसारख्या ठिकाणाहून घ्यावे लागले. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या यंत्रावर स्वतः लिहिलेले चालवायला मुभा असावी की नाही, हा प्रश्न लॅपटॉपवाल्यांना पडत नाही. ज्यांच्याकडे मोबाइल हाच एकमेव संगणक आहे, त्यांना पडतो. असो.

परवा तिने दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब करणारी आज्ञावली पूर्ण केली. मग शब्दातली अक्षरे मोजायला घेतली. 'गगनबावडा' दिले, तर उत्तर आले २४! आम्ही दोघे बराच वेळ हसलो. कारण असे की सी भाषेच्या लेखी एक अक्षर म्हणजे एक बाइट, इंग्रजीपुरते ते खरे. यूटीएफ-८ या पद्धतीत (ती १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचली) देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि काना ही स्वतंत्र खूण. सहा अक्षरे, दोन काने, आठ त्रिक चोवीस.

आता काम माझ्या विषयात आले होते. स्वर, व्यंजन, स्वरचिन्ह असे वहीत मांडून दिले. तिने मात्रा-वेलांट्या वगळणारी अट घातली, तेव्हा 'गगनबावडा' सहा अक्षरांचे झाले. 'कोल्हापूर' मात्र अजून पाच दाखवते, चार दाखवायला हवे. ल आणि ह मध्ये पाय मोडणारी खूण आहे, ती दिसली की पुढचे व्यंजन धरायचे नाही, इतके आम्ही ठरवले आहे. ती अट कुठल्या ओळीत बसवायची यावर काल रात्री वीज जाईपर्यंत चर्चा चालू होती, आणि मोबाइलची बॅटरी १२ टक्क्यांवर होती म्हणून पुढचे वहीतच लिहून ठेवले आहे.